मानांकनाची पाटी आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘स्त्रीशिक्षण’ हा विषय दिला होता. विषय मोठ्या मानाचा खरा. पण मुलींनी शिकावे की शिकू नये, हा वाद आता आपल्या गल्लीत कोणी घालत नाही. मुलगी बारावी झाली की कॉलेजात नाव घालायचे, हे आता रूढच झाले आहे. आज आपल्यापुढे प्रश्न उभा आहे तो त्याच्या पुढचा. नाव घातलेली मुलगी तेथे रोज पोचते का? पोचलेली टिकते का? आणि तेथे काही वावगे घडले, तर ते कोणाला सांगू शकते का? म्हणून चिटणीसबाईंच्या परवानगीने मी विषय जरा आखूड करून घेतला आहे. कॉलेजच्या दारावर जी मानांकनाची पाटी झळकते, तिचा आपल्या मुलींशी संबंध काय, एवढेच मी आज बोलणार आहे.

माझे माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे. त्यामुळे दोन्ही गावांना नावे ठेवण्याचा मला सारखाच अधिकार आहे, आणि दोन्ही गावांचा अभिमानही तितकाच आहे.

आधी थोडे मागे पाहू. आपल्या खानदेशात १९४५ साली अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय निघाले. त्याआधी मॅट्रिकच्या पुढे शिकायचे, म्हणजे नाशिक, पुणे, नाहीतर मुंबई गाठावी लागे. मुलगा एखादी खोली घेऊन, वार लावून दिवस काढी. मुलीला कोण पाठवणार? कॉलेजचे दार मुलींना कोणी बंद केले नव्हते; ते फार लांब होते इतकेच. पण मुलीच्या दृष्टीने लांबचे दार आणि बंद दार यांत फरक तो काय? ही कॉलेजे आधी मुंबई विद्यापीठाला, मग पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि जळगाव व धुळे या जिल्ह्यांना आपले विद्यापीठ मिळाले. नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होते. त्याचा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला.

या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. असोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर सुचलेली तिची गाणी मुलाने व एका आप्ताने टिपून ठेवली, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली. जिच्या हाती कोणी पाटी-पेन्सिल दिली नाही, तिचे नाव आज आपल्या नातींच्या पदवीपत्रावर आहे. याचा आनंद तर आहेच. पण त्या नावामुळे आपल्यावर एक जबाबदारीही येते. ती अशी की, ज्या मुलींची वाट आजही अवघड आहे, त्यांची मोजदाद आपण ठेवावी.

आता त्या पाटीकडे वळू. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद स्थापन केली. तिची कचेरी बेंगळुरूला आहे, आणि सर्वजण तिला ‘नॅक’ या आखूड नावाने ओळखतात. कॉलेजची पाहणी करून ४ पैकी गुण द्यायचे, त्यावरून श्रेणी ठरवायची, आणि ती साधारणपणे पाच वर्षे चालायची, अशी पद्धत होती. गुण ३.५१ वा त्याहून अधिक पडले तर ‘ए प्लस प्लस’, आणि दीड किंवा त्याहून कमी पडले तर ‘डी’, म्हणजे मानांकनच नाही. २०२४ साली परिषदेने ही श्रेणींची उतरंड सोडून ‘मानांकित’ किंवा ‘अमानांकित’ असा दोनच शब्दांत निकाल देण्याचे जाहीर केले. पण आधी मिळालेल्या श्रेणींच्या पाट्या अजून पुष्कळ दारांवर दिसतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत आपण त्या पाहूनच कॉलेज ठरवतो.

भगिनींनो, भरताची वांगी घेताना आपण काय करतो ते आठवा. विकणारा ‘बामणोदची आहेत ताई’ म्हणून शपथा घेतो. आपण ऐकून घेतो, पण वांगे हातावर तोलून पाहतो. हलके लागले तर बिया कमी असणार हे आपल्याला ठाऊक असते. देठाशी कीड आहे का ते बघतो, आणि मगच पिशवी पुढे करतो. पाव किलो वांग्यांसाठी एवढी पारख करणाऱ्या आपण, मुलीची तीन-चार वर्षे मात्र पाटीवरचे अक्षर वाचून कोणाच्याही हवाली करतो!

ही पाटी खोटी असते, असे माझे म्हणणे नाही. तिच्यामागे पुष्कळ मेहनत असते. २०१७ पासूनच्या पद्धतीत सात निकष होते: अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, इमारत व ग्रंथालय, विद्यार्थ्यांना साहाय्य, कारभार, आणि सातवा संस्थेची मूल्ये. पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या तक्रारी, लैंगिक छळ आणि रॅगिंग यांचे निवारण वेळेवर होते का, हे विचारलेले असे. सातव्यात विचारलेले असे की, स्त्री-पुरुष समानतेसाठी तुम्ही काय केले? मुलींच्या सुरक्षिततेची काय व्यवस्था आहे? समुपदेशनाची सोय, मुलींसाठी स्वतंत्र खोली, लहान मुलांसाठी पाळणाघर आहे का? अपंग विद्यार्थ्यांसाठी उतरता रस्ता, योग्य स्वच्छतागृह, परीक्षेला लेखनिक मिळतो का? या प्रश्नांची उत्तरे कॉलेजने स्वतःच लिहायची, पुराव्याचे कागद जोडायचे, आणि हा अहवाल आपल्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल असा ठेवायचा. म्हणजे तुमच्या मुलीला कॉलेजने काय कबूल केले आहे, ते लिहून ठेवलेले आहे. ते वाचायला आपल्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही. घरातल्या मोबाइलवर नातू पाच मिनिटांत काढून देईल.

अडचण आहे ती पुढेच. त्या पद्धतीत सुमारे ७० टक्के गुण कागदोपत्री माहितीवर आणि उरलेले पाहणी समितीच्या भेटीवर ठरत. समिती कॉलेजात येई ती साधारण दोन दिवसांसाठी. आपल्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येतात, तेव्हा काय होते ते मी सांगायला नको. भिंतींना रंग लागतो, कुंड्या मांडल्या जातात, कायम कुलूप असलेली खोली त्या दिवशी उघडी असते. पाहुण्यांना पोहे आवडतात, आणि ते समाधानाने परत जातात. त्या पोह्यांवरून कोणाच्या घरचा रोजचा स्वयंपाक कळत नाही. त्यातून २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातील एका संस्थेला वरची श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून, पाहणी समितीच्या अध्यक्षांसह काही जणांना सी. बी. आय.ने अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण दोन दिवसांच्या पाहुण्यांवर सगळा भार टाकून आपण स्वस्थ बसू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. पाहुणे पाच वर्षांतून एकदा येतात; आपण मात्र बाराही महिने त्याच गावात राहतो, त्याच रस्त्याने जातो. रोजचा स्वयंपाक आपल्यालाच कळणार.

तो कसा पारखावा? मी दोन गोष्टी सांगते. पहिली वाटेची, दुसरी वाचेची.

वाट म्हणजे मुलीने कॉलेजपर्यंत पोचण्याची सोय. जळगावच्या कॉलेजात धरणगाव-एरंडोलकडच्या मुली येतात, धुळ्याच्या कॉलेजात साक्री-शिरपूरकडच्या. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, याचा या मुलींना मोठाच आधार झाला. शुल्काचेही तसेच. २०२४-२५ सालापासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. ही माहिती नसल्यामुळे एखाद्या घरात आजही मुलीला ‘परवडत नाही’ म्हणून घरी बसवले जात असेल. आपल्या कामवाल्या बाईंची, भाजीवालीची मुलगी बारावीला आहे का, एवढी चौकशी प्रत्येकीने केली, तरी पुष्कळ होईल.

परंतु तिकीट अर्धे झाले म्हणून शेवटची गाडी उशिरा सुटत नाही. शास्त्रशाखेची प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात. गाडी चुकेल म्हणून मुलगी प्रात्यक्षिक अर्धे टाकून निघते, मग गुण कमी पडतात, आणि मग आपण म्हणतो, ‘तिला शास्त्र झेपत नव्हते.’ झेपत होते हो. गाडी गाठायची होती! वर्गाची वेळ आणि गाडीची वेळ यांचा मेळ घालणे हे कॉलेजचे काम आहे, आणि प्राचार्यांनी आगाराकडे पत्र दिले तर काही वेळा तो घालताही येतो. तीच गोष्ट मुलींच्या स्वच्छतागृहाची. सकाळी घरून निघालेली मुलगी संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण कॉलेजातल्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. या कारणाने आजारी पडलेल्या मुली तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. आणि अपंग मुलींचे काय? २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ठळक अपंगत्व असलेल्यांसाठी कमीत कमी ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि चढायला नुसता जिना, तर राखलेली जागा रिकामीच राहणार.

आता दुसरी गोष्ट, वाचेची. ही बोलायला अवघड आहे. पण ती न बोलता मी खाली बसले, तर आजचे भाषण वाया गेले असे मला वाटेल.

१९९४ साली आपल्या जळगावात जे उघडकीस आले, ते येथील वयस्क भगिनींना आठवत असेल. तेव्हा आपण त्याचा उल्लेखही घरात मोठ्याने करीत नव्हतो. तरुण मुलींना आणि स्त्रियांना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून, ती सर्वांना दाखवू असा धाक घालून त्यांचे शोषण चालले होते. शासनाने अरविंद इनामदार यांच्या नेतृत्वाखाली तपासाचे पथक पाठवले, मीरां बोरवणकर यांनी त्यात मोठे काम केले, आणि खटल्यांसाठी खास न्यायालय बसले. त्या खटल्यांचे निकाल हा माझा आजचा विषय नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की असे प्रकार चालू राहतात ते कशाच्या जोरावर? गुन्हेगाराच्या हाती होता तो कागदाचा एक तुकडा. त्या तुकड्याला जोर आला तो आपल्यामुळे. आई काय म्हणेल, भाऊ काय करील, लग्न कसे जमेल, या भीतीने मुलींची तोंडे बंद झाली, आणि बंद तोंडे हेच गुन्हेगाराचे भांडवल ठरले. मुलीने विश्वासाने जाऊन सांगावे, अशी कायद्याने नेमलेली जागा त्या काळी कोणत्याही कॉलेजात नव्हती.

आज ती आहे. ती कशी आली, हे प्रत्येकीला माहीत असावे. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवी नावाची एक ग्रामीण कार्यकर्ती बालविवाह थांबवण्याचे काम करीत होती. त्या कामाचा राग धरून तिच्यावर अत्याचार झाला. त्या घटनेनंतर ‘विशाखा’ आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. २०१३ साली त्याचा कायदा झाला, आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो अमलात आला. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम केले. ते मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या विनियमांत विद्यार्थिनी तर आल्याच, पण ज्यांचा छळ होतो असे विद्यार्थीही आले.

या विनियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात एक अंतर्गत समिती असली पाहिजे. तिची प्रमुख ज्येष्ठ प्राध्यापिका असते. शिक्षक असतात, शिक्षकेतर कर्मचारी असतात, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असतात. निम्म्याहून कमी स्त्रिया असून चालत नाही. कॉलेजचे वरिष्ठ अधिकारी या समितीत बसू शकत नाहीत. आणि एक सभासद बाहेरचा असावा लागतो: स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला, किंवा या प्रश्नाची जाण असलेला. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. अडचण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. नावाची वाच्यता करायची नाही. चौकशी चालू असताना मुलीचे नुकसान होऊ नये म्हणून समिती सांगू शकते की, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीने तिचे पेपर तपासायचे नाहीत, तिच्यापासून दूर राहायचे. तक्रार शाबीत करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यात स्वच्छ लिहिले आहे. समितीच नेमली नाही, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

कायदा कागदावर इतका चांगला आहे. तरीही १२ मे २०२३ रोजी गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना, दहा वर्षांनंतरही या कायद्याची अंमलबजावणी नीट होत नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला खेद व्यक्त करावा लागला. देशातल्या ३० क्रीडा महासंघांपैकी १६ जणांनी समितीच नेमली नव्हती, अशी वर्तमानपत्रातली माहिती न्यायालयाने त्या निकालात नमूद केली. मोठमोठ्या संघांची ही कथा, तर आडगावच्या कॉलेजाची काय असेल, हे तुम्हीच ताडा.

मी स्वतः गेली काही वर्षे अशा एका समितीत बाहेरची सभासद म्हणून बसते. कोणत्या कॉलेजात, आणि तेथे काय ऐकले, हे मी सांगू शकत नाही. कायदा तशी परवानगी देत नाही, आणि दिली असती तरी मी सांगितले नसते. पण कोणाचेही गुपित न फोडता दोन गोष्टी सांगता येतील.

एक अशी की, मुली तक्रार घेऊन येतच नाहीत. त्या दुसरेच काहीतरी मागायला येतात. ‘मला तुकडी बदलून द्या.’ ‘प्रकल्पाचे मार्गदर्शक बदलून मिळतील का?’ ‘मी सकाळच्या वर्गाला आले तर चालेल का?’ या साध्या अर्जांच्या मागे काय दडले आहे, हे ओळखायला कायद्याचे ज्ञान लागत नाही; घरातली चार मुले वाढवलेल्या बाईला ते बरोबर कळते. म्हणून त्या खुर्चीवर तुमच्यासारख्या बायका हव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लेखी तक्रार देण्याची वेळ आली, की मुलगी सहसा ‘त्याला शिक्षा होईल का?’ असे विचारत नाही. ती विचारते, ‘घरी कळेल का?’ आणि पुढे अगदी हळू आवाजात म्हणते, ‘घरी कळले तर माझे कॉलेज बंद करतील.’ भगिनींनो, मुलींच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता पुढचे शब्द त्यांनी बोलण्याआधीच मला ऐकू येतात. दोष दुसऱ्याचा, आणि नाव कटते तिचे. तिला वाचवण्यासाठी म्हणून आपण तिला घरी आणतो, घाईने स्थळे पाहू लागतो, आणि ज्याने आगळीक केली तो दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कॉलेजात हजर असतो. माय वं! याला सुरक्षितता म्हणावे की शिक्षा?

म्हणून मला असे वाटते की, कॉलेजचे धोरण चांगले की वाईट, हे ओळखायला एकच प्रश्न पुरेसा आहे. मुलीने तोंड उघडले, तर तिचे शिक्षण चालू राहील का? हा प्रश्न प्राचार्यांना विचारा, आणि रात्री देवापुढे दिवा लावताना स्वतःलाही विचारा. दोन्हीकडून ‘हो’ असे उत्तर आले, तरच त्या समितीचा उपयोग. एकीकडून जरी ‘नाही’ आले, तरी समितीच्या दारावर कोणीही टकटक करणार नाही, ‘तक्रारींची संख्या: शून्य’ असे अहवालात झोकात लिहिले जाईल, आणि पाहणीला आलेले पाहुणे त्या शून्यावर खूश होऊन जातील. मला तर तो शून्य पाहिला की काळजी वाटते. शेकडो मुली जेथे शिकतात, तेथे वर्षानुवर्षे एकही तक्रार नाही, याचे कारण शोधून पाहिले पाहिजे. सर्व काही आलबेल असेल, किंवा सांगायला कोणी धजत नसेल.

आता नुसते बोलून थांबू नये, म्हणून मंडळापुढे चार कामे ठेवते. अध्यक्षीणबाईंनी ती कार्यकारिणीपुढे मांडावीत, अशी माझी नम्र विनंती आहे.

पहिले काम. आपल्या शेजारच्या प्रत्येक कॉलेजचा अहवाल मंडळातील दोघी-दोघींनी वाचावा, आणि त्यात मुलींसाठी जे जे आहे म्हणून लिहिले आहे, त्याची एका कागदावर यादी करावी. मग पालक या नात्याने प्राचार्यांची वेळ घेऊन जावे, आणि गोडीगुलाबीने यादीतली प्रत्येक वस्तू दाखवायला सांगावी. खोली आहे ना? मग किल्ली कोणाकडे असते? समिती आहे ना? मग तिच्या सभासदांची नावे व फोन नंबर मुलींना दिसतील अशा जागी लावले आहेत का? भांडायला जायचे नाही. बहुतेक प्राचार्यांना अशी विचारणा हवीच असते. संस्थाचालकांकडे पैसे मागताना त्यांना ती उपयोगी पडते.

दुसरे काम. बाहेरच्या सभासदाच्या जागेसाठी मंडळाने आपल्यातील चार-पाच जणींची नावे तयार ठेवावीत, आणि त्यांनी कायदा नीट वाचून घ्यावा. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, आणि तीत समाजसेवा वगैरे क्षेत्रांतील स्थानिक व्यक्ती घेता येतात. तेथेही आपली एखादी सभासद बसू शकेल. तेथे वसतिगृहाच्या दिव्यांची, गाडीच्या वेळेची, स्वच्छतागृहाच्या कडीची गोष्ट काढायला कोणीतरी बाई हवीच.

तिसरे काम. गाडीच्या वेळापत्रकाचे. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी आपल्या भगिनी आहेत. कोणत्या गावाच्या मुलींना संध्याकाळी गाडी मिळत नाही, याची नोंद महिनाभर करून, कॉलेजच्या पत्रासह ती आगारप्रमुखांकडे द्यावी. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तारखांसह दिलेल्या यादीला वजन असते.

चौथे काम बिनखर्चाचे आहे. प्रत्येकीने हे नंबर घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत: रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२, आणि तातडीच्या मदतीसाठी ११२.

मागच्या सतरंजीवरच्या मुलींनो, तुमच्याशी दोन शब्द. कॉलेजात तुम्ही कोणाच्या मेहरबानीने जात नाही. तेथील खोली, ग्रंथालय, प्रयोगशाळा, निर्भयपणे बसता येईल असा बाक, हे सारे तुमच्या हक्काचे आहे, आणि कॉलेजने ते लिहून दिलेले आहे. मैत्रिणीच्या बाबतीत काही खटकले, तर तिला एकटी सोडू नका. ती स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसेल, तर तिच्या वतीने मैत्रिणीलाही तक्रार देता येते, असे त्या विनियमांत आहे. आणि मुलगे घरी असतील, भाऊ असतील, तर त्यांनाही हे सांगा. चांगल्या घरचा मुलगा कोणाला म्हणावे, हे आता तुम्हीच ठरवायचे आहे.

आणि आयांनो, तुमच्याजवळ शेवटचे एकच मागणे आहे. समित्या, अहवाल, मानांकन यांना त्यांच्या वेळेप्रमाणे अवकाश लागेल. हे मात्र आजच होण्यासारखे आहे. घरी गेल्यावर, जेवणाची ताटे घेता घेता, मुलीला सांगा की, ‘कॉलेजात काही झाले तर मला सांग. मी रागावेन, रडेन, काय वाटेल ते करीन; पण तुझे कॉलेज बंद होऊ देणार नाही.’

ती कदाचित ‘हो गं आई’ म्हणून फोनमध्ये डोके घालील. घालू द्या. तिने ऐकलेले असेल.